खंडेनवमीचं विमान

आई त्या विमानाला सवत म्हणायची. लग्न होऊन ती साताऱ्याहून उज्जैनला आली, तेव्हा फ्रीगंजमधल्या भाड्याच्या दोन खोल्यांपैकी एक त्याने अडवलेली होती. एका खाटेवर पंख, दुसऱ्या खाटेवर धड. नवी नवरी चटईवर झोपली. ही गोष्ट तिने मला इतक्या वेळा सांगितली आहे की ती चटई मी स्वतः पाहिल्यासारखी मला आठवते. बाबा दर वेळी म्हणायचे, "अगं, पंखांचं रोगण ओलं होतं." त्यांच्या मते एवढं उत्तर पुरेसं होतं.

विमान म्हणजे मॉडेल. पंखांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळजवळ माझ्या उंचीएवढं, बाल्सा नावाच्या अगदी हलक्या लाकडाचं. नाकात मुठीएवढं इंजिन, आणि चालवायचं जमिनीवर उभं राहून, हातातल्या रेडिओच्या डब्याने. डब्यावर दोन दांड्या. डावी इंजिनाचा वेग बघायची, उजवी नाक वर-खाली करायची आणि वळवायची, ढकलली की नाक खाली, ओढली की वर. बाबा कॉलेजात वर्कशॉप शिकवायचे आणि एनसीसीच्या हवाई शाखेतल्या मुलांकडून मॉडेल करून घ्यायचे. इंजिन आणि रेडिओ त्यांच्या एका सहकाऱ्याच्या भावाने परदेशातून आणून दिला होता, बाकी सगळं त्यांनी हाताने केलं. माझ्या लहानपणी दर रविवारी सकाळी ते मैदानावर असायचे. कधी कधी मला बरोबर न्यायचे आणि विमान चांगलं उंचावर गेलं की डबा दोन मिनिटं माझ्या हातात द्यायचे. आई कधीच आली नाही. अशा रविवारी सकाळी ती घरात एकटी असायची आणि लांबून येणारी ती भुणभुण ऐकत भाजी चिरायची.

मग इंजिनातला प्लग जळाला. तेव्हा असली वस्तू कुणी बाहेरून आणली तरच मिळायची, आणि आणून देणारा भाऊ कायमचा तिकडचा झाला होता. विमान चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं. त्या दिवशी आईने श्रीखंड केलं होतं असं बाबा म्हणायचे. आईचं म्हणणं, ते पाडव्याचं श्रीखंड होतं आणि पाडवा काही तिने ठरवला नव्हता.

वीसेक वर्षं ते तिथेच पडून राहिलं. सिंहस्थ होऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षी बाबा रिटायर झाले, आणि त्याच उन्हाळ्यात इंदूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. मी बरोबर होते. मी त्यांची एकुलती एक. शाळेत गणित शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यांशी मी धड बोलत नसे. मी तापट आहे. डॉक्टरांशीही मी वाद घातला. ते शांतपणे म्हणाले, जे गेलं ते परत येणार नाही, उरलंय ते थेंबांनी टिकेल तितकं टिकेल. बाबांचं कडेचं दिसणं बरंचसं गेलेलं होतं. समोरचं दिसायचं, पण नळीतून बघावं तसं. शेजारी ठेवलेला कप त्यांच्या हातून सांडायचा आणि आम्ही वर्षभर त्याला धांदरटपणा म्हणत आलो होतो.

परतताना बस अर्ध्या वाटेवरच्या सांवेरला थांबली. बाबा म्हणाले, "माळ्यावरून ते उतरवून दे मला."

"काय?"

"विमान. एकदा उडताना बघायचंय. दिसतंय तोवर."

बाबांनी आयुष्यात काही मागितल्याचं मला आठवत नाही. हे मागितलं, तेही खिडकीबाहेर बघत.

ती वर्षं मोठी गमतीची होती. टावर चौकात दर महिन्याला काहीतरी नवीन दिसायचं. रंगीत टीव्हीच्या खोक्यांची चवड, एसटीडीचं काचेचं खोपटं, परदेशी नावांची थंड पेयं. सकाळच्या पेपरात शेअरबाजार घुसला होता आणि ज्यांना कधी बँकेत स्लिप भरता आली नाही ते पानठेल्यावर उभं राहून कंपन्यांचे भाव सांगायचे. ज्या प्लगसाठी विमान वीस वर्षं माळ्यावर बसलं, तो इंदूरच्या एका खेळण्यांच्या दुकानात काचेच्या कपाटात ठेवलेला मिळाला. बाबांनी तो तळहातावर घेतला आणि दुकानदाराला तीन-तीनदा विचारलं, हा खरंच विकायचा आहे ना. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "आता सगळं मिळतं. आधी मिळालं असतं तर."

पावसाळाभर दुरुस्ती चालली. पंखांवरचं कापड उंदरांनी खाल्लं होतं, पण आतल्या बरगड्या बहुतेक शाबूत होत्या. इंजिनात जुनं एरंडेल गोठून डिंक झालं होतं. या इंजिनाच्या इंधनात एरंडेल घालावं लागतं. बाबांनी ते चार दिवस रॉकेलमध्ये बुडवून ठेवलं आणि रोज सकाळी दाढीच्या आधी बोटाने फिरवून बघायचे. पाचव्या दिवशी ते फिरलं. मोडक्या बरगड्यांच्या जागी त्यांनी नव्या कापल्या. नजर समोरच्या एवढ्याशा तुकड्यावरून हलायची नाही, आणि शेजारी ठेवलेलं ब्लेड मात्र दर वेळी चाचपत शोधायचे. मी ते हळूच त्यांच्या हातापाशी सरकवून ठेवायची. त्यांना कळायचं, ते काही म्हणायचे नाहीत.

पंखांसाठी पातळ मलमल हवी होती. ती भैरवगढला, कापड छापणाऱ्या-रंगवणाऱ्या छिप्यांकडून रंगवून आणली, पंखांच्या खालच्या बाजूला लावायची गडद लाल आणि वरच्या बाजूची पिवळी. विमान पोट दाखवतंय की पाठ, हे नळीतूनही चटकन कळावं, म्हणून. आईला रोगणाच्या वासाने डोकं चढायचं. ती दार लोटून घ्यायची आणि आतून भांड्यांचा आवाज थोडा जास्तच यायचा. पण बाबा ओली मलमल पंखावर ताणत होते त्या दुपारी ती चहा ठेवायला आली आणि तिथेच थांबली.

"अहो, चुण्या पडताहेत."

"बसून जातील."

"कशाला बसतील? सरका तिकडे."

साताऱ्याच्या बाईला चुणी बघवत नाही. तिने पदर खोचला, मलमलीची कड दोन बोटांत धरली आणि अशी सारखी ताणली की पंख डफासारखा वाजायला लागला. दुसरा पंखही तिनेच केला. मध्येच म्हणाली, "सवतीला साडी नेसवतेय." बाबा इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. महाराष्ट्र सोडून आमच्या घराण्याला कित्येक पिढ्या झाल्या, मूळ पुरुष शिंद्यांच्या दरबारी कारकून होता म्हणे, तलवार त्याने कधी धरली असेल असं वाटत नाही. तरी खंडेनवमी सुटली नाही. पाटावर बाबांचे पाने, कानशी, पट्ट्या, आईची विळी आणि शिवणयंत्र, माझा कंपास. बाहेर स्कूटरला हार. एकदा पूजा झाली की दसऱ्याला उत्तरपूजा होईपर्यंत कुठल्याही वस्तूला हात लावायचा नाही. त्या दिवशी आमच्याकडे भाजीसुद्धा हाताने तोडता येईल अशीच असते.

त्या वर्षी पाट मांडून झाल्यावर आई बाबांना म्हणाली, "तिलाही आणा."

"कुणाला?"

"तुमच्या तिला. ती काय बाहेर बसणार आहे?"

बाबा विमान दोन्ही हातांवर घेऊन आले, लहान मूल झोपेतून उचलून आणावं तसं. आईने नाकाला हळद-कुंकू लावलं, नाकापुढच्या पंख्यात झेंडू अडकवला. मग विचारलं, "यातलं मुख्य काय?"

"हा डबा," बाबा म्हणाले. "सगळं यातून चालतं."

म्हणून डब्याला तिने जास्त मानाने पुजलं. दोन्ही दांड्यांना अनामिकेने ओलं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले आणि डोळे मिटून बराच वेळ काहीतरी म्हणाली. काय मागितलं ते कळायला ऐकू यायची गरज नव्हती.

दसऱ्याला दुपारी उत्तरपूजा करून आम्ही निघालो. दशहरा मैदानावर रावणाची गर्दी, म्हणून नदीपलीकडे बडनगर रोडला गेलो. सिंहस्थात तिथे साधूंचे तंबू पडतात, एरवी शेती असते. सोयाबीन नुकतंच निघालं होतं. आईला मी स्कूटरवरून आणलं, बाबा आणि विमान ऑटोतून. आई ते उडताना बघायला आयुष्यात पहिल्यांदा आली होती, नवी साडी नेसून. शेतवाला खाट टाकून बसलेला. त्याने विमानाभोवती एक चक्कर मारली आणि बाबांना विचारलं, "बाबूजी, ये सच में उड़ेगा?" बाबा म्हणाले, "देखते हैं."

त्यांनी दांड्या हलवून बघितल्या, शेपटी नीट हलली. इंजिन दुसऱ्या झटक्याला लागलं. जळक्या एरंडेलाचा वास आला आणि माझं सगळं बालपण नाकातून आत शिरलं. विमान ढेकळांवरून उड्या मारत पळालं, उचललं गेलं आणि वर जायला लागलं. लाल पोट निळ्या आभाळात लख्ख दिसत होतं. आई "अगं बाई" म्हणाली आणि तोंडावर पदर धरून बघत राहिली. बाबांच्या चेहऱ्यावरची एकेक रेघ सैल झाली होती. त्यांनी एक गोल घेतला, दुसरा घेतला. तिसऱ्या गोलाला उंची कमी करायला नाक खाली घातलं, आणि ते खालीच येत राहिलं. बाभळींच्या पलीकडे आवाज झाला. लाकूड मोडल्याचा, फार मोठा नव्हे.

शेतवाला धावला, मीही धावले. नाक चेचलं होतं, एक पंख मधून मोडला होता. तुकडे पदरात गोळा करून मी परत आले तेव्हा बाबा तिथेच उभे होते. डब्याची लांब एरियल एकेक कांडं करत आत ढकलत होते.

"दिसलं नाही मला," ते म्हणाले. "उन्हात गेलं, मग दिसलंच नाही."

आई उठून त्यांच्याजवळ गेली. "असू दे. असू दे हो," म्हणाली आणि तिने त्यांचा दंड धरला.

तो दंड तिने नंतर सोडलाच नाही. आमच्या घरात बाबा त्या दिवसापासून आंधळे झाले. स्कूटरची किल्ली मी काढून घेतली. संध्याकाळी ते एकटे टावर चौकापर्यंत फिरून यायचे ते बंद झालं. आता आई बरोबर जायची, कोपराला धरून, खड्डा आला की "खड्डा" म्हणायची. कॉलेजची मुलं घरी ड्रॉइंग दाखवायला यायची, त्यांना बाबांनीच सांगितलं, आता नको. सकाळचा पेपर आई वाचून दाखवायला लागली. आधी अडखळायची, मग तिला चव लागली. शेअरबाजार ती सरळ गाळायची आणि चोऱ्या, अपघात आणि लग्नाच्या जाहिराती सविस्तर वाचायची, लग्नाच्या तर माझ्याकडे बघत. बाबा डोळे मिटून ऐकायचे. काहीही म्हटलं तरी "हां" म्हणायचे. त्यांची ही शरणागती मला सहन होत नव्हती. मी डॉक्टरांवर चिडायची, थेंबांवर चिडायची, एकदा तर रस्ता ओलांडताना त्यांचा हात धरायला आलेल्या एका भल्या बाईवर टावर चौकात ओरडले.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी मी कपाट आवरत होते. रेडिओचा डबा हाती लागला. आतले सेल गळून डबा खराब होईल म्हणून मागचं झाकण उघडलं. सेल काढताना उजवी दांडी सहज खाली ओढली तर ती एका जागी अडकली. परत ढकलली, सुटली. परत ओढली, अडकली. मी डबा खिडकीशी नेला. दांडीच्या बुडाशी, फटीत, तांदळाचा दाणा होता. हळदीने पिवळा, अर्धा चिरडलेला, आणि वाळलेल्या कुंकवाने आतल्या बाजूला घट्ट बसलेला.

आई खाली तीळ भाजत होती. मी डबा घेऊन गच्चीवर गेले. आजूबाजूच्या गच्च्यांवर पतंगांचा गोंधळ चालला होता. बाबा उन्हात खुर्ची टाकून बसले होते.

"बाबा, हे बघा काय निघालं."

ते वाकले नाहीत. "उजव्या दांडीत होता ना?" म्हणाले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हाच कळलं. अंगठ्याखाली कचकन लागलं. नाक खाली घातलेलं, वर येईना."

"मग दिसलं नाही असं का म्हणालात?"

"हळू बोल."

"का म्हणालात?"

"काय सांगायचं होतं? तुझ्या अक्षतांनी पाडलं?" त्यांनी जिन्याकडे मान वळवली, आई येत नाही याची खात्री केली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने त्याला हात लावला. पूजा केली. माझ्या डोळ्यांसाठी केली, मला काय कळत नाही का? हे कळलं असतं तर तिने परत माझ्या कशाला हात लावला नसता. देवाच्यासुद्धा नाही. चूक माझीच ना. दांड्या पुसायला पाहिजे होत्या. ती बघून राहिली होती, म्हणून नाही पुसल्या."

"म्हणजे तुम्हाला ते दिसत होतं."

"शेवटपर्यंत दिसलं," बाबा म्हणाले.

मी संतापले. इतका राग मला आयुष्यात क्वचित आला असेल, आणि तो दबक्या आवाजात काढावा लागला म्हणून आणखीच आला. जवळजवळ तीन महिने हा माणूस दिसत असताना न दिसल्यासारखा जगला होता. मुलांची ड्रॉइंगं सोडली, फिरणं सोडलं, खड्डा दिसत असताना "खड्डा" ऐकून पाय उचलला. आणि डोळे तर जाणारच होते, उरलेले दिवस मोजकेच होते, तेच त्यांनी वाया घालवले. हे सगळं मी त्यांना ऐकवलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तिला पेपर वाचायला आवडतो."

"आणि तुम्ही?"

"ती अंघोळीला गेली की मथळे बघून घेतो."

मला रडू आलं आणि हसूही आलं, दोन्हीचा मला राग आला.

"अजून किती दिसतं?"

"कमी झालंय. पण आभाळात दिसतं." त्यांनी वर बोट केलं. "तो काळा पतंग काटणार आहे त्या पिवळ्याला." थोड्या वेळाने त्याने काटला.

विमान पुन्हा उभं करायचं हे मी तिथेच ठरवलं. बाबा आधी नाहीच म्हणाले. त्यांनी उडवलं तर आई विचारणार, मग दसऱ्याला का नाही दिसलं. आपल्याच थापेत ते पुरते अडकले होते. तोड निघाली ती अशी की उडवायचं मी, आणि त्यांनी फक्त शेजारी उभं राहायचं. त्यांना एवढंही चालणार होतं. उडताना बघायचं होतं, ते बघायला मिळणार होतं.

दाणा मी सुईने काढला आणि तुळशीत टाकला. शाळेतून आल्यावर रोज तास-दीड तास काम करायची, बाबा खुर्चीत बसून सांगायचे. आईला सांगितलं, मी शिकतेय. "आता तुलाही लागलं का तिचं वेड," ती म्हणाली, पण मलमल ताणायला आपण होऊन आली.

गहू निघाल्यावर आम्ही त्याच शेतात गेलो. आई जरा लांब, सतरंजीवर थर्मास घेऊन बसली. बाबा माझ्या शेजारी जमिनीकडे बघत उभे राहिले, ठरल्याप्रमाणे. दांड्या मी हव्या त्यापेक्षा जास्तच हलवत होते. पण ते विमान मोठं समजूतदार होतं, हात सोडले तरी आपणच सरळ होणारं. ते वर गेलं, मी त्याला गोल गोल फिरवत राहिले. बाबा पुटपुटत होते, "हळू, हळू, आता वळव." किती वेळ ते मला आठवत नाही. उतरवलं तेव्हा दोन उड्या मारून उभं राहिलं, आणि मी मोठ्याने ओरडले.

आवराआवर चालली होती. आई सतरंजीची घडी घालता घालता म्हणाली, "तुम्हाला दिसत होतं."

बाबा म्हणाले, "आवाजावरून कळतं गं."

"मी विमानाकडे बघत नव्हते. तुमच्याकडे बघत होते. ते वर गेलं की तुमची मान वर, ते बाभळीमागे गेलं की तुम्ही वाकून बघताय. आवाजाला कुणी वाकून बघत नाही."

मी पंख धडाला बांधणारे रबर सोडवत होते, मान वर केली नाही.

"मग दसऱ्याला कसं पडलं?" आईने विचारलं.

बाबांनी उत्तर द्यायला क्षणही घेतला नाही. "हात चुकला," ते म्हणाले. "इतकी वर्षं शिकवलं लोकांना आणि आपलाच हात चुकला. सांगायची लाज वाटली."

आई त्यांच्याकडे बघत राहिली. मग एकदा माझ्याकडे बघितलं. तिने काय वाचलं देव जाणे, माझा चेहरा कधीच काही लपवू शकलेला नाही. सतरंजी काखेत मारून ती म्हणाली, "बरं. मग पुढच्या रविवारी तुम्हीच उडवा. हात सुधारेल."

त्या उन्हाळ्यात बाबांनी पाऊस येईपर्यंत दर रविवारी विमान उडवलं. सकाळी लवकर, ऊन तापायच्या आत. आई दर वेळी आली. लोक विचारायचे तेव्हा अभिमानाने सांगायची, आम्ही विमान उडवायला जातो. पेपर वाचणं तिने सोडलं नाही आणि बाबांनीही आपल्याला वाचता येतं असं कधी म्हटलं नाही. ड्रॉइंगवाली मुलं परत यायला लागली. किल्ली मात्र मी दिली नाही, तेवढं शहाणपण माझ्यात होतं. पुढच्या खंडेनवमीला विमान पुन्हा पाटावर आलं. आईने त्याला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. अक्षता तिने विळीला, शिवणयंत्राला, माझ्या कंपासालाही वाहिल्या, विमानाला आणि डब्याला नाहीत. वाटीत संपल्या असतील. मी विचारलं नाही, आणि आता दोघंही नाहीत, तेव्हा विचारायचा प्रश्न उरला नाही.

नळी मात्र बारीक होत चालली होती. त्या थंडीत बाबा जिन्यावर पायरी चाचपायला लागले. कप सांडला की आता कुणी काही बोलायचं नाही. ते स्वतः म्हणायचे, कमी होतंय, अजून कमी होतंय. शेताला पाणी द्यायच्या आधी एक रविवार मिळाला तेव्हा आम्ही गेलो. आभाळ स्वच्छ होतं. त्यांनी विमान उडवलं, फार लांब जाऊ दिलं नाही, आपल्या डोक्यावरच लहान लहान गोल घेत राहिले. मी उजवीकडे उभी होते, आई डावीकडे.

मग त्यांची मान थांबली. विमान वळून दुसरीकडे गेलं आणि मान तिथेच राहिली.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"डावीकडे," आई म्हणाली. "तुमच्या डावीकडे, वर."

त्यांनी मान वळवली, इकडे तिकडे शोधलं. "दिसत नाही मला," म्हणाले. या वेळी त्यांचा आवाज अगदी साधा होता. त्यांनी डबा माझ्यापुढे धरला.

मी तो घेतला. डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे मलाही नीट दिसत नव्हतं. विमान मी फार तिरकं खाली आणलं. ते ढेकळात आपटलं, एक चाक तुटलं आणि उजव्या पंखाची मलमल टोकाला फाटली. पुष्कळ लांब होतं ते, शेताच्या पार पलीकडे. मी डबा धरून उभी राहिले. आई तरातरा चालत गेली, विमानापाशी वाकली, चाक उचललं.

बाबा चेहरा त्या दिशेला करून उभे होते. "कसं उतरलं?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"अलगद," आई तिकडून ओरडली. "अगदी फुलासारखं उतरलं हो."

आणि तुटकं चाक पदराखाली झाकून ती त्यांच्याकडे यायला निघाली.